तांबटांचे कान

उन्हाळ्याच्या भर दुपारी उंबराच्या नाहीतर वडाच्या झाडावरून 'टुक् टुक् टुक्' असा एकसुरी आवाज येत राहतो. तो काढणाऱ्या पक्ष्याचे मराठी नावच तांबट. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून जो एकदा गेला आहे, त्याला हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. पण दिवसभर तांब्याचा पत्रा ठोकून भांडे घडवणाऱ्या माणसाच्या कानांचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

तो पडला इटलीतल्या एका वैद्याला. त्याचे नाव बर्नार्दिनो रामाझिनी. कामगारांना त्यांच्या धंद्यामुळे जडणाऱ्या रोगांवर त्याने १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. व्हेनिस शहरातले तांबट एकाच वस्तीत राहतात, दिवसभर हातोडे चालवतात, आधी त्यांना कमी ऐकू येऊ लागते आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे त्याने नोंदवून ठेवले. म्हणजे गोंगाटाने कान जातात हे शास्त्राला तीनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

पुढे वाफेचे युग आले. लोखंडी बॉयलर जोडताना एक कामगार बाहेरून रिव्हेटवर घण घाली आणि दुसरा आत बसून ती धरून ठेवी. ग्लासगोचे कानांचे डॉक्टर थॉमस बार यांनी १८८६ साली असे शंभर कामगार तपासले. तुलनेसाठी शंभर पोस्टमनही घेतले. तपासणीचे साधन काय, तर खिशातले घड्याळ! त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते पाहायचे. बॉयलर बांधणाऱ्या शंभरांपैकी एकाचीही श्रवणशक्ती शाबूत निघाली नाही. सभेतले भाषण ऐकणे तर त्यांच्यातल्या सुमारे तीनचतुर्थांश लोकांना जड जात होते.

एवढे कळूनही कायदा हलला नाही. का? एक तर बहिरेपणाने रक्त येत नाही, दुखत नाही आणि माणूस दगावत नाही. कारखान्यातून बाहेर पडल्यावर कानांना दडे बसतात, सकाळी ते सुटतात. म्हणून कामगारही मनावर घेत नाही. खरे तर आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी त्या काळात थोड्या थोड्या मरत असतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. दुसरे कारण हिशेबाचे. नुकसानभरपाई बुडालेल्या मजुरीची मिळे. बहिरा कामगार घण तर पूर्वीसारखाच घालत होता! मजुरी बुडाली नसली तरी गेलेल्या श्रवणशक्तीची भरपाई दिली पाहिजे, असा निकाल न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो थेट १९४८ साली.

कायद्याला आकडा लागतो. तो देणारे डेसिबल हे माप १९२० च्या दशकात टेलिफोनच्या संशोधनातून आले आणि ग्रॅहॅम बेलच्या नावावरून ओळखले जाऊ लागले. बेलची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हते, हाही एक योगायोगच. अमेरिकेने १९६९ साली सरकारी कंत्राटांच्या कारखान्यांना आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली. ब्रिटनने १९८९ साली नियम केले आणि २००६ पासून ते कडक केले. आता तिथे ८० डेसिबलपासूनच मालकाला कामगारांना धोक्याची माहिती आणि मागितल्यास कानांचे संरक्षक साधन द्यावे लागते. ८५ ला ते वापरणे सक्तीचे होते.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याखालच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आली. ९५ ला चार तास, १०० ला दोन, असा तो हिशेब. गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीतही पुढे घातला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षा संहितेतही तो आहे. पण ८५ आणि ९० यांत पाचाचाच फरक आहे, असे समजू नका. डेसिबलच्या गणितात तो ध्वनिऊर्जेच्या तिपटीहून अधिक भरतो.

आणि नियम म्हणजे केवळ कानात घालायचे बोळे नव्हेत. आधी यंत्राचा आवाज कमी करायचा, ते जमत नसेल तर आवरण घालायचे, मग कामाचे तास बदलायचे. बोळे सगळ्यांत शेवटी. दरवर्षी कानांची तपासणी हवी, कारण कान जात असल्याचे कामगाराच्या आधी यंत्राला कळते. घरातली माणसे 'अहो, किती मोठ्याने बोलता!' म्हणू लागतात तोवर उशीर झालेला असतो.

रामाझिनीने रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा असे सांगितले होते: तुम्ही काम काय करता? कमी ऐकू येते म्हणून दवाखान्यात आलेल्या माणसाला आजही तो विचारला जायला हवा.