दार न ठोठावता पोलिस घरात : अमेरिकेतील ‘नो-नॉक’चा वाद

झडतीसाठी आलेल्या पोलिसांनी आधी दार ठोठवावे, आपण कोण व कशासाठी आलो ते सांगावे आणि दार उघडण्यास अवधी द्यावा, हा इंग्लंडच्या रूढ कायद्यातील जुना दंडक आहे. १६०४ मधील ‘सेमेन’ खटल्याच्या निकालाने घराला त्यात राहणाऱ्याची गढी मानले. राजाच्या अधिकाऱ्यालाही कारण सांगितल्यावाचून दार तोडण्यास मनाई केली. भारतात याच परंपरेतून फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४७ आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४ ने घेतली.

अमेरिकेतही हाच दंडक आहे. मात्र न्यायाधीशाची आगाऊ परवानगी असल्यास पोलिसांना त्यातून सूट मिळते. या परवानगीला ‘नो-नॉक वॉरंट’ म्हणतात. त्यासाठी मुख्यतः दोन कारणे दिली जातात. सुगावा लागताच आतील माणूस अमली पदार्थ शौचकूपात ओतून पुरावा नष्ट करील, किंवा शस्त्र घेऊन पोलिसांवर चालून येईल. अमेरिकी काँग्रेसने १९७० मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणांत अशा प्रवेशास मुभा दिली. पुढे १९७३ मध्ये इलिनॉय राज्यातील कॉलिन्सविल येथे केंद्रीय पथके चुकीच्या घरांत घुसली, देशभर ओरड झाली आणि १९७४ मध्ये ती तरतूद रद्द झाली. प्रथा मात्र राज्यांच्या व शहरांच्या पोलिस दलांत टिकून राहिली.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका या प्रश्नात एकसुरी नाही. १९९५ च्या ‘विल्सन विरुद्ध आर्कान्सा’ निकालाने दार ठोठावणे हा राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीतील ‘वाजवी’ झडतीचाच भाग ठरवला. १९९७ च्या ‘रिचर्ड्स विरुद्ध विस्कॉन्सिन’मध्ये, गुन्हा अमली पदार्थांचा आहे एवढ्यावरून सरसकट सूट देता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. मग प्रश्न आला तो थांबायचे किती, याचा. २००३ च्या ‘बँक्स’ प्रकरणात आरोपी स्नान करीत होता, तरी १५ ते २० सेकंदांची प्रतीक्षा न्यायालयाला पुरेशी वाटली.

नियमाचे दात काढले ते २००६ च्या ‘हडसन विरुद्ध मिशिगन’ निकालाने. डेट्रॉइटचे पोलिस घोषणा करून जेमतेम ३ ते ५ सेकंद थांबले होते. नियमभंग झाला हे सरकारने मान्यच केले. तरीही मिळालेला पुरावा बाद होणार नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. नुकसानभरपाईचा दावा आणि पोलिसांची वाढती व्यावसायिक शिस्त हा पुरेसा धाक आहे, असे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचे म्हणणे होते. नियम पाळण्यामागची सर्वांत मोठी प्रेरणाच यामुळे नाहीशी होते, हा न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांचा विरोधी निष्कर्ष. पुढील घटना पाहता ब्रायर यांचे म्हणणे अधिक वजनदार वाटते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अटलांटात, खोट्या माहितीवर मिळवलेले वॉरंट घेऊन पोलिस ९२ वर्षांच्या एका वृद्धेच्या घरात शिरले. तिने एक गोळी झाडली. पोलिसांनी ३९ झाडल्या. मृत्यूनंतर घरात गांजा नेऊन ठेवल्याचेही उघड झाले.

१३ मार्च २०२० रोजी केंटकीतील लुईव्हिल येथे मध्यरात्रीनंतर ब्रिओना टेलर या २६ वर्षीय तरुणीचे दार फोडण्यात आले. घरात दरोडेखोर शिरले असे समजून तिच्या मित्राने एक गोळी झाडली. पोलिसांच्या ३२ गोळ्यांपैकी काहींनी ब्रिओनाचा जीव घेतला. घरात अमली पदार्थ सापडले नाहीत. मित्रावर प्रथम पोलिसाच्या हत्येच्या प्रयत्नाचा आरोप ठेवला गेला आणि नंतर मागे घेतला गेला.

वादाचे मूळ येथे आहे. अमेरिकेत अनेक घरांत बंदूक असते आणि बहुतेक राज्यांचे कायदे घुसखोरावर ती चालवण्याची मुभा देतात. अंधारात दार फुटले की समोर चोर आहे की शिपाई, हे ओळखण्यास आतल्या माणसाकडे क्षणही नसतो. पोलिसांच्या सुरक्षिततेसाठी काढलेली तोड अशा वेळी पोलिसांच्याही जिवावर बेतते. पोलिस संघटनांचा युक्तिवाद तरीही क्षुल्लक नाही: ओलीस धरलेल्यांना सोडवताना किंवा सशस्त्र गुन्हेगाराला पकडताना इशारा देणे म्हणजे त्याला सज्ज होऊ देणे, असे त्या सांगतात.

जून २०२० मध्ये लुईव्हिलने ‘ब्रिओनाज लॉ’ करून अशी वॉरंटे बंद केली. व्हर्जिनियानेही त्याच वर्षी बंदी घातली. फ्लोरिडा व ऑरेगन येथे ती आधीपासूनच होती. मिनिआपोलिसने २०२० मध्ये निर्बंध घातले खरे, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथेच अशा कारवाईत कोचावर झोपलेला २२ वर्षांचा एक तरुण मारला गेला. वॉरंटमध्ये त्याचे नावही नव्हते. पोलिस शिरल्यापासून गोळी सुटेपर्यंत दहा सेकंदही गेले नव्हते.

बंदीनेही सारे सुटत नाही, हे लुईव्हिलच्या प्रकरणातच दिसते. वॉरंट ‘नो-नॉक’ असले तरी आपण दार ठोठावून ओळख दिली होती, असे पोलिसांचे म्हणणे. बहुतेक शेजाऱ्यांना मात्र ती घोषणा ऐकू आली नव्हती. म्हणूनच नव्या कायद्याने वॉरंट बजावताना पोलिसांच्या अंगावरील कॅमेरे सुरू ठेवणे बंधनकारक केले.