डेथ मेटल हॉस्पिटलात शिरलं तेव्हा: ‘लेप्रसी’ची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आवाज जरा बेतानं ठेवा, कारण आज आपण बोलणार आहोत ‘डेथ’ या अमेरिकन बँडच्या दुसऱ्या अल्बमबद्दल. नाव ‘लेप्रसी’, साल 1988.

आधी घरातली एक गोष्ट सांगतो. कॉलेजात होतो तेव्हाची. मी हा अल्बम ऐकत बसलो होतो आणि मोबाइलवर त्याचं कव्हर दिसत होतं. एड रेप्का या चित्रकारानं काढलेलं, चिंध्यांत गुंडाळलेला, चेहरा झडत चाललेला एक माणूस. आजी शेजारी शेंगा सोलत होती. तिनं वाकून पाहिलं आणि विचारलं, “रक्तपितीचा माणूस आहे का रे हा?” मी म्हटलं, “हो, अल्बमचं नावच ते आहे.” ती म्हणाली, “मग त्याला असा भुतासारखा कशाला काढलाय? माणूसच ना तो?”

तेव्हा मी हसून विषय बदलला. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्याच्या मागे जाता जाता या अल्बमचा इतिहास हाती लागला.

तर सुरुवात फ्लोरिडात. ऑर्लँडो शहराजवळ वाढलेला चक शुल्डिनर नावाचा एक मुलगा. नऊ वर्षांचा असताना त्याचा सोळा वर्षांचा भाऊ फ्रँक अपघातात गेला. त्या दुःखातून मुलगा सावरावा म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार घेऊन दिली. 1983 मध्ये त्यानं रिक रॉझ आणि कॅम ली या दोघांबरोबर ‘मँटास’ हा बँड काढला. पुढच्याच वर्षी त्याचं नाव झालं ‘डेथ’. तेव्हा इंटरनेट नव्हतं. ही पोरं कॅसेटवर डेमो रेकॉर्ड करायची आणि त्या कॅसेट पोस्टानं देशोदेशी फिरायच्या. एकानं दुसऱ्याला कॉपी करून द्यायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आपण आज लिंक फॉरवर्ड करतो ना, तसंच, फक्त पोस्टाचं तिकीट लावून.

1987 मध्ये पहिला अल्बम आला, ‘स्क्रीम ब्लडी गोर’. त्यात गिटार, बास आणि गाणं सगळं चकचं, ड्रम ख्रिस रायफर्टचे. अल्बम भन्नाटच, पण त्यातली भीती सिनेमातली होती. झाँबी, कापाकापी, व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या हॉरर पिक्चरचा मालमसाला. पिक्चर संपला की भीतीही संपते.

मग चक फ्लोरिडात परतला. तिथल्या ‘मॅसकर’ बँडमधून त्यानं जुना दोस्त रिक रॉझ, ड्रमर बिल अँड्र्यूज आणि बासवादक टेरी बटलर यांना सोबत घेतलं. गंमत बघा, अल्बमवर बास वाजवणारा म्हणून टेरी बटलरचं नाव छापलंय, पण रेकॉर्डिंगमधला बास प्रत्यक्षात चकनंच वाजवलाय!

रेकॉर्डिंग झालं टँपा शहरातल्या मॉरिसाउंड स्टुडिओत. निर्माता डॅन जॉन्सन, आणि इंजिनिअर होता स्कॉट बर्न्स. हे नाव लक्षात ठेवा. पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘ओबिच्युअरी’, ‘डीसाइड’, ‘कॅनिबल कॉर्प्स’ असे बँड याच स्टुडिओत त्याच्याकडे आले आणि टँपा म्हणजे डेथ मेटलची पंढरी झाली. ‘लेप्रसी’ ऐकताना कारण कळतं. पहिल्या अल्बममध्ये सगळं एकमेकांत मिसळून येतं. इथे ड्रमचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो, गिटारचे रिफ चाकूनं कापल्यासारखे सुटे कळतात. गाणी आठच, सगळी मिळून 40 मिनिटंसुद्धा नाहीत.

पण माझ्या मते खरा बदल विषयांत आहे. रक्तमांसाची वर्णनं इथेही आहेतच, ते नाकारत नाही. पण भीतीचा पत्ता बदललाय. ‘लेप्रसी’ हे गाणं शरीर झडण्याबरोबरच समाजानं बाहेर टाकलेल्या माणसांबद्दल आहे. ‘ओपन कास्केट’मध्ये शवपेटीतल्या माणसाचं शेवटचं दर्शन आहे. आणि ‘पुल द प्लग’मध्ये बोलतो यंत्रांच्या जोरावर जिवंत ठेवलेला एक पेशंट. त्याची एकच मागणी आहे: मला आता जाऊ द्या.

हा प्रश्न तेव्हा अमेरिकेत पेटलेला होता. नॅन्सी क्रूझन ही तरुणी 1983 च्या अपघातानंतर बेशुद्धावस्थेतच होती. तिला नळीतून दिलं जाणारं अन्न थांबवावं म्हणून आईवडील कोर्टात गेले. मिसुरी राज्यातल्या कोर्टांत तो खटला 1988 मध्येच चालू होता. आपल्याकडे हाच प्रश्न मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या अरुणा शानबाग यांच्यामुळे सुप्रीम कोर्टात गेला आणि निकाल आला 2011 मध्ये. कोर्टाला ज्याचं उत्तर देताना घाम फुटतो, त्या प्रश्नावर वीस-एकवीस वर्षांचा एक पोरगा गाणं करत होता.

आणि आता सगळ्यात अवघड भाग. 13 मे 1999, चकचा बत्तिसावा वाढदिवस. त्याच दिवशी त्याला कळलं की मेंदूच्या देठाजवळ गाठ आहे. उपचारांचा खर्च घरच्यांना झेपेना, तेव्हा मेटलवाल्यांनी, म्हणजे वाजवणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी, पैसे उभे केले. 13 डिसेंबर 2001 ला तो गेला. वय 34. गाण्यानं भविष्य सांगितलं वगैरे मी म्हणणार नाही, तसं काही नसतं. पण हे कळल्यावर ‘पुल द प्लग’ आधीसारखं ऐकता येत नाही, एवढं खरं.

राहिला आजीचा प्रश्न. माझं उत्तर असं, की आजी बरोबर होती. कुष्ठरोगावरची बहुऔषध उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेनं 1981 मध्येच सुचवली होती. अल्बम आला तेव्हा हा आजार बरा होत होता. आमच्या पिढीला हे शाळेत कळलं ते बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे. टँपातल्या पोरांसमोर मात्र जुन्या गोष्टींतला भेसूर महारोगीच होता. म्हणजे गाणी सिनेमातून बाहेर पडली, कव्हर मात्र तिथेच राहिलं.

आज रात्री ‘पुल द प्लग’ लावा. शब्द कळले नाहीत तरी चालेल, कोण बोलतंय तेवढं ध्यानात ठेवा. आणि घरातलं कुणी विचारलं, “हे काय ऐकतोस?” तर माझ्यासारखा विषय बदलू नका. भेटू पुढच्या भागात!