शिवाच्या पायाशी

वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे धुमार लेण्यात, रावण कैलास हलवतो आहे. वर शंकर निवांत बसलेला आणि या धामधुमीत एक बुटका गण रावणाला चक्क ढुंगण दाखवतो. मी चित्रकला शिकवते. मुलांना इथे आणलं की ती खो-खो हसतात आणि मी त्यांना हसू देते. सहाव्या शतकाच्या आसपास हा दगड कोरणाऱ्यालाही हेच हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

देव घडवताना कारागिराला बंधनं फार. हात किती, आयुध कोणतं, वाहन कोणतं, सगळं ठरलेलं. गणाला सुटलेलं पोट आणि तोकडे पाय दिले की पुढे छिन्नी मोकळी. २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात शंकर-पार्वतीचा सारीपाट रंगलेला आहे. सगळे वरच बघतात. मी मुलांना खाली बघायला सांगते. तिथे गणांच्या टोळीने नंदीला घेरलंय, त्याची नुसती ओढाताण चालली आहे. वर नवरा-बायकोचा डाव, खाली पोरांचा धुडगूस. कैलास हे भरलेलं घर आहे, हे या खालच्या पट्टीमुळेच कळतं. ती झाकली, तर वर फक्त दोन देव उरतात.

हे गण शंकरापुरते राहिले नाहीत. बदामीचं तिसरं लेणं विष्णूचं. चालुक्य मंगलेशाचा शके ५००चा, म्हणजे इ.स. ५७८चा लेख तिथे आहे. तरीही त्याच्या जोत्यावर गणांच्या जोड्या आहेतच. बदामीच्याच पहिल्या लेण्यात, शंकराच्या, जोत्यावरच्या काही गणांना बैलाची, घोड्याची तोंडं आहेत. इथे चढणाऱ्याला देवाआधी गण भेटतात आणि मला ही रचना फार शहाणपणाची वाटते.

पुढे मात्र या बुटक्यांच्या नशिबी ओझं आलं. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०चं. तिथे आणि नंतर सिन्नरच्या गोंदेश्वरात खांबांच्या माथ्यावर कीचक बसले आहेत: गुडघे दुमडलेले, हात वर, तुळई पेललेली. भार पेलणारे बुटके आधीही होते, पण आता तेच काम मुख्य झालं. पोट तेच, पाय तेच, खोडी गेली. कोरीव काम इथेही देखणं आहे. अंबरनाथच्या बाहेरच्या भिंतींसमोर मी तासन्‌तास बसते. पण गणाचं चित्र शिकवायचं असेल तर मुलांना वेरूळलाच नेते. हात-पाय मोकळे असताना शरीर काय काय करतं, ते तिथे दिसतं.