प्रत कोठें ठेवावी?

छत्रपती संभाजीनगराहून जळगांवकडे जाणाऱ्या सडकेवर अजिंठ्याचा घाट उतरला कीं फर्दापूर लागतें. येथून चारेक मैलांवर वाघोरा नदीच्या कड्यांत अजिंठ्याचीं लेणीं आहेत. १८१९ सालीं मद्रास सैन्यांतील जॉन स्मिथ याच्या दृष्टीस तीं पडलीं. पुढें लौकरच जाणत्या लोकांच्या ध्यानांत आलें कीं, भिंतींवरील चित्रें झडत आहेत. झडणारें चित्र वांचवितां येत नसेल तर निदान त्याची प्रत करावी, हा विचार तेव्हांपासूनचा. परंतु प्रत करणें हें अर्धेंच काम; ती ठेवावी कोठें, हें उरलेलें अर्धें. अजिंठ्याच्या बाबतींत पहिलें अर्धें उत्तम साधलें आणि दुसरें वारंवार चुकलें.

१८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें रॉबर्ट गिल याची या कामीं नेमणूक केली. अंधार आणि वटवाघळें सोसून त्यानें सुमारें वीस वर्षें मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत प्रती केल्या व त्या लंडनला धाडल्या. तेथें सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें त्या मांडण्यांत आल्या. डिसेंबर १८६६ मध्यें त्या काचेच्या महालाच्या एका भागास आग लागली, आणि पांच-चार चित्रें वगळतां वीस वर्षांचे श्रम एका दिवसांत भस्म झाले.

१८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह हंगामामागून हंगाम लेण्यांत राबले. त्यांच्या प्रतीही लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत गेल्या; १८८५ च्या आगींत त्यांपैकीं कित्येक नष्ट झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळांत जपानी चित्रकार आराई काम्पो व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या प्रती तोक्योच्या विद्यापीठांत होत्या. १९२३ च्या भूकंपाच्या आगींत त्याही गेल्या.

मग उरलें काय? ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ सालीं छापून निघाले. लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ या काळांतील दोन हिंवाळे फर्दापूरच्या मुक्कामीं राहिल्या; नंदलाल बोस, असितकुमार हलदार प्रभृति तरुण चित्रकार त्यांच्यासमवेत होते. तेथें झालेल्या प्रतींचा ग्रंथ १९१५ सालीं लंडनच्या इंडिया सोसायटीनें प्रसिद्ध केला. छापील चित्र हातच्या प्रतीपुढें फिकें खरें; पण तें अनेक गांवच्या ग्रंथालयांत पोंचलें. एका घरास आग लागली तरी दुसऱ्या घरचा ग्रंथ शाबूत राहतो.

हा धडा लेण्यांपुरता नाहीं. चित्रीकरण आटोपल्यावर संकलन, रंगसंस्कार व ध्वनिमिश्रण जेथें होतें, त्या मुंबईच्या स्टुडिओंपुढें आज हाच प्रश्न येतो. तेथें पुष्कळ डिस्क एका पेटींत बसवून तो साठा तारेनें सर्व संगणकांस जोडतात. त्यास नेटवर्क स्टोरेज म्हणतात. असा साठा निवडतांना पहिली चौकशी वेगाची होते: चार संकलक एकदम कामास बसले तर चित्र अडखळेल काय? चौकशी रास्त आहे. पण वेग म्हणजे सुरक्षितता नव्हे. चांगल्या साठ्यांत एखादी डिस्क बिघडली तर उरलेल्यांच्या आधारें तिच्यावरील सर्व कांहीं पुन्हां उभें करतां येतें. ही सोय डिस्क बिघडण्यापुरतीच होय. खोलीच पेटली, किंवा कोणीं चुकून दृश्य पुसलें, तर ती कामास येत नाहीं. क्रिस्टल पॅलेसही भव्यच होता!

म्हणून जाणकार तीन प्रती सांगतात: त्या निदान दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, म्हणजे एक डिस्कवर तर दुसरी टेपवर, आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या ठिकाणीं असावी. शिवाय ती अधूनमधून चालवून पाहावी. याचा खर्च यंत्राच्या किंमतींतच धरला पाहिजे. आग ही कांहीं केवळ गतकाळची गोष्ट नव्हे. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठारास आग लागून नायट्रेट फिल्मवरील कितीतरी जुने चित्रपट जळाले.

गिल किंवा ग्रिफिथ्स यांच्या हाताला दोष नव्हता. त्यांनीं पाहिलेला जो गिलावा पुढें गळून पडला, त्याची नवी प्रत आतां कोणासही करतां येणार नाहीं. चित्रीकरण संपून नटमंडळी पांगल्यावर हरवलेल्या दृश्याची गतही तीच असते.