एक इंजिन, दोन इंधने : गाडीच्या संगणकाचा हिशेब

तापीकाठच्या सुरतेत सीएनजी हे नवलाईचे इंधन राहिलेले नाही. शहरालगतच्या हजिरा येथे समुद्रातून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर प्रक्रिया होते, २००५ पासून द्रवरूप वायू उतरवून घेणारे टर्मिनल कार्यरत आहे आणि हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही वायुवाहिनी तेथूनच निघते. पेट्रोलच्या गाडीला मागाहून सीएनजी संच बसवून घेणे तेथे नित्याचे आहे. गोव्यातही आता सीएनजी मिळू लागल्याने हा विषय आपल्या दाराशी आला आहे. मात्र सिलिंडर आणि नळ्या बसविल्या म्हणजे काम संपत नाही. इंधन बदलले की इंजिनाच्या संगणकातील हिशेबही बदलावा लागतो.

‘मॅप’ म्हणजे काय?

ईसीयू या संगणकात काही तक्ते साठविलेले असतात. इंजिनाचे फेरे आणि त्यावरील भार पाहून किती इंधन सोडायचे व ठिणगी केव्हा टाकायची, हे त्यांवरून ठरते. यालाच ‘मॅप’ किंवा ‘ट्यून’ म्हणतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते; सीएनजीतील मुख्य घटक असलेल्या मिथेनला सुमारे १७.२ किलो, तर शुद्ध इथेनॉलला केवळ ९ किलो. एकच तक्ता तिन्ही इंधनांना पुरणार नाही, हे यावरून उघड होते.

सीएनजी : मात्रा आणि वेळ

सिक्वेन्शियल संचात वायूसाठी निराळा ईसीयू असतो. पेट्रोलच्या इंजेक्टरला जाणारा संकेत वाचून, त्याला गुणक लावून तो वायूचे इंजेक्टर उघडतो. गाडी सहसा पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापल्यावर आपोआप वायूवर जाते. मात्रेतील लहानसहान चूक एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने सुधारली जाते. ठिणगीची वेळ मात्र हा सेन्सर सुधारू शकत नाही.

मिथेनची ज्योत पेट्रोलपेक्षा संथ पसरते. म्हणून ठिणगी काही अंश आधी पडावी लागते. तसे न झाल्यास ज्वलन लांबते, ताकद घटते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला अधिक उष्णता सोसावी लागते. उलट, वायूसाठी पुढे आणलेली वेळ पेट्रोलवरही तशीच राहिली, तर नॉकिंगचा धोका संभवतो. त्यामुळे इंधनाबरोबर वेळही बदलणारा ‘टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर’ अथवा दोन्ही तक्ते असलेला ईसीयू आवश्यक ठरतो. कारखान्यातूनच सीएनजीसह येणाऱ्या गाड्यांत ही सोय मुळातच असते.

अधिक ऑक्टेन आणि इथेनॉल

काही हौशी मंडळी टर्बो गाडीत दोन ट्यून ठेवतात : एक साध्या पेट्रोलसाठी, दुसरी १०० ऑक्टेनसारख्या महाग पेट्रोलसाठी. दुसऱ्या ट्यूनमध्ये टर्बोचा दाब वाढविलेला असतो. टाकीत साधे पेट्रोल असताना चुकून तीच चालू राहिली, तर नॉकिंगमुळे पिस्टन निकामी होऊ शकतो.

२० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला लागणारे जादा इंधन बहुतेक आधुनिक ईसीयू सांभाळून घेतात. ८५ टक्क्यांच्या मिश्रणाला लागणारी वाढ साध्या ईसीयूच्या आवाक्याबाहेर जाते. फ्लेक्स-फ्युएल गाडीत इथेनॉलचे प्रमाण ओळखून संगणक स्वतःच मधला हिशेब काढतो. ब्राझीलमध्ये अशा गाड्या २००३ पासून विकल्या जात आहेत.

कायदा आणि खबरदारी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. विहित अटींवर इंधन बदलणारा मान्यताप्राप्त संच बसविण्यास मात्र मुभा आहे. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने ३.५ टनांपर्यंतच्या बीएस-६ पेट्रोल वाहनांनाही ती मिळाली. बदलाची नोंद आरसी पुस्तकात करावी, विमा कंपनीस कळवावे आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी करून घ्यावी.

परराज्यातून संच बसविलेली जुनी गाडी घेताना ही कागदपत्रे पाहावीतच. शिवाय गाडी दोन्ही इंधनांवर चढावर चालवून पाहावी. वायूवर थोडी ताकद कमी भासणे स्वाभाविक आहे. मात्र गचके, नॉकिंगचा आवाज किंवा इंजिनाचा पिवळा दिवा दिसल्यास मॅप तपासून घेतल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये.