बोटावरचा लेप

सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून पंधराएक वर्षं उत्खनन केलं. तिथं निघालेल्या जोर्वे भांड्यांची तोटी आणि काळी नक्षी सगळ्यांना आठवते. नक्षीखालच्या तांबड्या लेपाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मीही बोललो नसतो, पण गेल्या मे महिन्यात मोडनिंबला घरून काम करत होतो आणि तो लेप स्वतः देऊन बघायचं खूळ डोक्यात शिरलं.

लेप म्हणजे पाण्यात कालवलेली बारीक माती. भांडं अर्धवट वाळलं की द्यायची. मी शेतातली काळी माती कालवून कुंभारकाकांकडच्या कच्च्या पणत्यांवर चोपडली. दुसऱ्या दिवशी पापुद्रे निघाले. पाणी वाढवलं, तर सगळा लेप ओघळून बुडाशी जमला आणि तिथं उलला.

काका हसले. “काळी आणलीस व्हय? ती पाणी पिऊन फुगती, वाळली की आकसती. खालचं भांडं तेवढं आकसतंय का?”

काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट पाणी धरून ठेवतं, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. उपयोग शून्य. काकांची रीत वेगळी: माती भरपूर पाण्यात ढवळायची, वाळू तळाशी बसू द्यायची, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. पुन्हा तेच. ते निवळलं की वरचं पाणी काढून गाळात काव घालायची. मग बोट बुडवायचं. नखाची कड कळली पाहिजे, कातडीचा रंग दिसता कामा नये. (दाट झालेल्या गाळात मी गुपचूप चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला. कण एकमेकांना ढकलू लागतात आणि पाणी न वाढवता गाळ दुधासारखा वाहतो. काका म्हणाले, “कपडे धुतोस का माती?”)

इ.स.पू. १००० नंतर इनामगावची भांडी भरड झाली, नक्षी कमी झाली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होत गेला, असं ढवळीकरांचं म्हणणं. हे वाचताना मी मनात ‘हात बिघडला’ असं नोंदवून मोकळा झालो होतो. आता तसं वाटत नाही. पाटीभर मातीला मी चार बादल्या पाणी घातलं, तेही टँकर दिवसाआड येत असताना. पाचवी बादली उचलली तेव्हा आईनं ती हातातून काढून घेतली. “प्यायच्या पाण्याचा चिखल करतोस?”

इनामगावातही कुणी अशीच घागर हिसकावून घेतली असेल का? पुरावा नाही, माझा अंदाज आहे. पण काका स्वतः उन्हाळ्यात लेप देत नाहीत, पणत्यांना बाजारातला रंग फासतात. त्यांचा हात मी पाहिलाय, तो बिघडलेला नाही.

माझा गाळ बरणीत झाकून ठेवलाय. उरलेल्या अकरा पणत्या पाऊस पडल्यावर रंगवायच्या, ही आईची अट.