काशीतला प्रिन्सेप

जेम्स प्रिन्सेपचे नाव निघाले की मराठी वाचकास अशोकाचे शिलालेख आठवतात. 1837 साली त्याने ब्राह्मी लिपी उलगडली, त्या कीर्तीत त्याची काशीतील दहा वर्षे झाकून गेली. आम्हां काशीकर मराठी जनांस मात्र हीच वर्षे अधिक जवळची वाटतात. कारण त्यांतील एका कामाचा आरंभ पुण्याच्या फडणीसाने केला होता.

1799 साली जन्मलेल्या प्रिन्सेपने इंग्लंडात ऑगस्टस प्युजिनपाशी वास्तुविद्येचे शिक्षण घेतले. दृष्टी अधू झाल्यामुळे ती वाट सोडून तो धातुपरीक्षेकडे वळला आणि 1820 साली काशीच्या टांकसाळीत आला. चाकरी नाण्यांचा कस पाहण्याची. परंतु अंगी मुरलेली विद्या स्वस्थ बसू देईना. टांकसाळीची नवी इमारत त्याने स्वतःच्या आराखड्याप्रमाणे उभारली, एक चर्च बांधले, आणि पंचगंगा घाटावरील औरंगजेबी मशिदीचे ढासळू लागलेले मिनार सावरले. या मिनारांस लोक ‘माधोरायचे धरहरे’ म्हणत. नाव ऐकून कोणास माधवराव पेशवे आठवतील. पण हा ‘माधव’ बिंदुमाधव होय, ज्याचे शेजारचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. ते मिनार आज उरलेले नाहीत.

1822 साली त्याने शहराची मोजणी करून नकाशा तयार केला, आणि पुढे साचलेल्या पाण्याचा निचरा करण्यासाठी भूमिगत कमानदार भुयार काढण्यास हातभार लावला. शहराची दुर्गंधी हटली, हे खरेच. परंतु मत्स्योदरी तीर्थाचे पाणीही त्याच निचऱ्यात गेले. पावसाळ्यात गंगा फुगून वरणेच्या वाटेने मत्स्योदरीत शिरे, तो योग भाविक महापर्व मानीत. तो योग संपला. आरोग्यासाठी ही किंमत आम्हांस मान्य आहे. पण ती किंमत होती, हे प्रिन्सेपचे चरित्रकार क्वचितच सांगतात.

आता कर्मनाशा. काशीच्या पूर्वेस गयेच्या वाटेवर ही नदी आडवी येते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तरी जन्माचे पुण्य जाते, अशी समजूत. प्रयाग व काशी करून गयेस निघालेल्या मराठी यात्रेकरूची त्रिस्थळी यात्रा नेमकी इथे अडे. ज्याला परवडे तो पैसे मोजून दुसऱ्याच्या खांद्यावर बसून पलीकडे जाई. वाहणाऱ्याच्या पुण्याची पर्वा कोणी केली, कोणास ठाऊक! नाना फडणीसांनी येथे पूल बांधण्यास आरंभ केला. 1800 साली नाना वारले आणि काम अपुरेच राहिले. पुढे काशीचे राय पटनीमल यांनी खर्चाचा भार उचलला व प्रिन्सेपच्या आराखड्याने दगडी पूल झाला. पुलाची कथा सांगताना आपण मराठी लोक नानांपाशी थांबतो, आणि इंग्रज लेखक प्रिन्सेपपाशी. पटनीमल दोन्हीकडे मागे राहतात.

1831 साली पूल पुरा झाला, तेव्हा प्रिन्सेप काशीत नव्हता. आदल्याच वर्षी टांकसाळ बंद पडून तो कलकत्त्यास गेला होता. त्याने रेखाटलेली घाटांची चित्रे 1830 ते 1834 या काळात प्रसिद्ध झाली. 1840 साली, वयाच्या चाळिशीतच, तो लंडनमध्ये वारला. कलकत्त्यात हुगळीकाठी त्याच्या नावाचा घाट 1843 साली बांधला गेला. काशीत तसा एकही नाही.